जंतू विहिरीत मारा, पोटात नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या सरी पडून पेरण्या उरकल्या की महिनाभरात ग्रामीण पानांवर त्याच बातम्या येऊ लागतात. अमुक गावात डायरियाची लागण, तमुक गावातले रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात, विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासणीला रवाना. त्या नमुन्यांचा निकाल काय लागला हे मात्र क्वचितच छापून येते. गावात तोवर ठरलेला उपचार सुरू झालेला असतो: एक सुई, एक सलाईन आणि दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. जिवाणूंशी लढण्याची जागाच इथे चुकते आहे, असे आम्हाला स्पष्टपणे म्हणायचे आहे. जे जंतू मारायला हवेत ते विहिरीत आणि टाकीत जिवंत राहतात, आणि जे पोटात असायलाच हवेत त्यांच्यावर गोळ्यांचा मारा होतो.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. आतड्यात राहणारा ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो. असे ५०० टोकाला टोक लावून ठेवले तर १ मिलिमीटर भरेल. बहुतेक जिवाणूंच्या पेशीभोवती एक पक्की भिंत असते. आपल्या पेशींना ती नसते, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे नेमकी याच फरकावर चालतात: ती भिंत बांधू देत नाहीत, जिवाणू फुटून मरतो आणि आपल्या पेशींना काही होत नाही. विषाणूला अशी भिंतही नसते आणि प्रथिने तयार करायची स्वतःची यंत्रणाही नसते. म्हणून सर्दी, फ्लू किंवा लहान मुलांच्या रोटाव्हायरसच्या जुलाबांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. डोस वाढवला तरी नाही, गोळी बदलली तरी नाही.

जिवाणू वाढतो तो दुभंगून. ऊब आणि अन्न मिळाले तर ई. कोलाय २० मिनिटांत एकाचे दोन होतात. या वेगाने सात तासांत २१ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २० लाखांवर. रात्री चुलीजवळ राहिलेला भात सकाळी बाधतो तो अशाच वाढीमुळे, मग जिवाणू कोणताही असो. सगळेच मात्र इतके घाईचे नसतात. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट व्हायला सुमारे २० तास लागतात, कुष्ठरोगाच्या जिवाणूला १२ ते १४ दिवस. औषध बहुतांशी वाढत्या जिवाणूवर काम करते, म्हणून क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा आणि कुष्ठरोगाचा सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. ज्या विदर्भात दत्तपूर, तपोवन आणि आनंदवन या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था उभ्या राहिल्या, तिथे तरी बरे वाटले म्हणून मधेच गोळ्या सोडणारा रुग्ण कुणाला दिसला तर त्याला अडवावे.

आता विहिरीकडे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलराची साथ आली, माणसे दगावली, आणि कारण निघाले उघड्या विहिरीचे दूषित पाणी. कॉलराचा जिवाणू मारता येत नाही, असे बिलकूल नाही. क्लोरीनपुढे तो टिकत नाही. फक्त क्लोरीन पुरेसे आणि पुरेशा वेळासाठी मिळायला हवे, आणि गावोगाव हेच होत नाही.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. पोत्याचे तोंड उघडे राहिले, पत्र्याच्या खोलीत मे महिन्याचे ऊन तापले किंवा ओल लागली की ते उडून जाते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. वासावर विसंबून चालत नाही, कमजोर पावडरीलाही उग्र वास येतो. नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. उन्हाळ्याआधी घेऊन ठेवलेली पोती तपासणी न करता पावसाळ्यात वापरणे हा शुद्ध धोका आहे. पोते फळीवर, भिंतीपासून दूर, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावे आणि एक पूर्ण संपल्याशिवाय दुसरे फोडू नये.

मात्रा काढायला आधी विहिरीत पाणी किती ते कळायला हवे. फुटांत मोजत असाल तर हिशेब सोपा आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, आणि उत्तर लिटरमध्ये. १२ फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी असेल तर १२ × १२ × १० × २२ = ३१,६८० लिटर. दर १,००० लिटरला ५ ग्रॅम या मापाने सुमारे १६० ग्रॅम पावडर लागेल. पावसाने तेच पाणी २० फुटांवर चढले की ३२० ग्रॅम. बहुतेक गावांत मात्र उन्हाळ्यात जेवढी टाकतात तेवढीच पावडर पावसाळ्यात पडते, तीही मुठीने मोजून. पाणी दुप्पट, गाळ कितीतरी पट आणि पावडर तेवढीच, म्हणजे जिवाणूंपर्यंत पोचायला क्लोरीन उरतच नाही. मातीतला सेंद्रिय भाग आणि शेणामुताचा अमोनिया त्याला आधीच खाऊन टाकतात. आपल्या काळ्या जमिनीतून वाहून आलेले गढूळ पाणी या बाबतीत फार वाईट. घरच्या पाण्यात तुरटी फिरवून गाळ बसवणे योग्यच आहे, पण तुरटीने गाळ बसतो, जिवाणूंचा नायनाट होत नाही. क्लोरीन त्यानंतर द्यायचे असते.

टाकायची रीत अशी. बादली प्लॅस्टिकची घ्यावी, लोखंडी गंजते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून पातळ लगदा करावा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि १० मिनिटे तसेच ठेवावे. तळाला चुना बसतो. वरची निवळ हळूच दुसऱ्या बादलीत काढून घ्यावी. तळाचा चुना विहिरीत ओतू नये. त्याने जंतू मरत नाहीत, पाणी तेवढे जड होते. निवळीची बादली दोराला बांधून पाण्याखाली सोडावी आणि वर-खाली, आजूबाजूला हलवावी. काठावरून ओतून दिले तर क्लोरीन वरच्याच थरात राहते आणि मोटर तर तळाचे पाणी ओढते. नाकातोंडावर रुमाल हवा, वाऱ्याकडे पाठ हवी, आणि संडास धुण्याच्या ॲसिडचा डबा आसपास नको: ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

यानंतर किमान एक तास पाणी उपसायचे नाही. जिवाणू क्लोरीन लागल्याबरोबर मरत नाही, त्याला संपर्काचा वेळ द्यावा लागतो. सकाळी सहाला पावडर टाकून सव्वासहाला मोटर सुरू केली तर टीसीएल वाया जाते आणि लोक वासाची तक्रार करतात ती वेगळीच. रात्री टाकणे सर्वांत सोयीचे.

मग ओटी टेस्ट. नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. हा रंग पहिल्या १० सेकंदांत पाहायचा. १५-२० मिनिटांनी दिसणाऱ्या रंगात अमोनियाशी बांधले गेलेले क्लोरीनही मोजले जाते, आणि ते जंतू मारायला फार दुबळे असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी ही तपासणी विहिरीवर किंवा टाकीखाली करून भागत नाही. गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला करायची असते. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे, साथ असेल तेव्हा ०.५. टाकीखाली पिवळा आणि शेवटच्या घरी पांढरा निघाला तर मधल्या नळवाहिनीत घाण शिरते आहे असे समजून शोध घ्यावा. बहुतेक ठिकाणी ती सापडते: नालीतून गेलेला फुटका पाइप, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेले पाणी, धार यावी म्हणून जमिनीत खड्डा करून त्यात उतरवलेला बिनतोटीचा नळ. पुरवठा बंद झाला की वाहिनीत पोकळी तयार होते आणि हे सगळे आत ओढले जाते. टिल्लू पंप लावणारे तर चालू पुरवठ्यातही हेच करतात. ते शेजाऱ्याचे पाणी चोरतात हा भाग निराळा, सगळ्या गल्लीला नालीचे पाणी पाजतात हा मोठा गुन्हा.

जिवाणूंच्या तपासणीसाठी एच२एसची बाटली मिळते. ही सोपी पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली. हात धुऊन, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचे. विष्ठेसोबत येणारे काही जिवाणू गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळे पडते. काळे झाले तर ते पाणी पिऊ नये. थंडीत रंग यायला वेळ लागतो, म्हणून एका दिवसात ‘पाणी शुद्ध’ असा शेरा मारू नये. काळ्या झालेल्या बाटलीत कोट्यवधी जिवाणू असतात. ती टीसीएलचे दाट द्रावण घालून तासभर ठेवल्यावरच रिकामी करावी.

घरात पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट पुरते. जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळले तर कॉलराचे जिवाणू ज्या बारीक जलजीवांना चिकटून राहतात ते अडकतात आणि धोका बराच घटतो. बांगलादेशातल्या गावांत हे सिद्ध झाले आहे. सुटे जिवाणू मात्र कापडातून सहज निघून जातात, तेव्हा गाळणे हे उकळण्याच्या किंवा क्लोरीनच्या जागी नव्हे. आणि माठात हात बुडवू नका, दांड्याचे ओगराळे ठेवा. शुद्ध केलेले पाणी घरात पुन्हा दूषित होते ते मुख्यतः बोटांनी.

एवढे करूनही जिवाणू पोटात गेलाच तर? जठरातले आम्ल हा पहिला पहारा. निरोगी माणसाला कॉलरा व्हायला फार मोठ्या संख्येने जिवाणू गिळावे लागतात, कारण बहुतेक आम्लातच मरतात. रोज सकाळी सवयीने ‘गॅसची गोळी’ घेणाऱ्याचे आम्ल कमी झालेले असते आणि त्याला थोडे जिवाणूही पुरतात. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिली असेल तर जरूर घ्या. वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेऊ नका. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेलाला मात्र आम्ल फारसे अडवत नाही. त्याचे १० ते १०० जिवाणूही पुरतात. म्हणूनच ती आव हाताहाताने घरभर पसरते आणि संडासानंतर साबणाने हात धुण्याला पर्याय उरत नाही.

दुसरा पहारा आतड्यातल्या रहिवासी जिवाणूंचा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार एका प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. वजनाने ते सगळे मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, आणि बहुतेक मोठ्या आतड्यात. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीतला, हरभऱ्यातला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः याच ब्युटिरेटवर जगतात. काही जिवाणू के जीवनसत्त्वही तयार करतात. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे ते जागा आणि अन्न अडवून धरतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला सहज पाय रोवता येत नाही. गरज नसलेले अँटिबायोटिक पहिल्यांदा हाच पहारा उठवते. जुलाब थांबावे म्हणून घेतलेल्या गोळीनेच जुलाब लांबतात, तोंडात पांढरी बुरशी येते, आणि उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू. प्रतिकाराची ही जनुके ते शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात, म्हणजे आज निरुपद्रवी ई. कोलायमध्ये तयार झालेला प्रतिकार उद्या रोगजंतूत पोचतो.

हे रहिवासी वसायला लागतात ते जन्मापासून. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बायफिडो जिवाणूंचे अन्न असतात. पहिल्या तासातला चीक पिळून टाकू नका, सहा महिने वरचे पाणीसुद्धा नको. मधाचे बोट तर मुळीच चाटवू नका. मधात बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजून अंग लुळे पाडणारे विष तयार करतात. मोठ्यांना तोच मध बाधत नाही, कारण त्यांच्या आतड्यात जागा आधीच भरलेली असते. महालक्ष्म्यांची आंबील आणि रोजचे ताक मोठ्यांनी खुशाल प्यावे.

जुलाबांत जीव जातो तो पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले की कॉलराचा जिवाणू आतड्यात विष सोडतो. त्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकत राहतात आणि त्यामागे पाणी, तांदळाच्या धुवणासारखे. पण त्याच पेशींतले एक दार शाबूत राहते: साखर आणि सोडियम जोडीने आले तर ते आत घेतले जातात आणि पाणी त्यांच्यासोबत जाते. दिलीप महालनबिस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत याच आधारावर मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो लोक वाचवले. शुद्धीवर असलेल्या, पिऊ शकणाऱ्या रुग्णाला सलाईनची गरज बहुतेकदा नसते, हे आपल्या भागात अजून लोकांना पटत नाही.

ओआरएसचे मोठे पाकीट २०.५ ग्रॅमचे, ते पूर्ण १ लिटर पाण्यात. एक पेला पाण्यात ते सगळे घोळून पाजले तर बाळाच्या रक्तात सोडियम वाढून झटके येऊ शकतात. छोटी पाकिटे २०० मिलिलिटरची असतात; पाकिटावरचे माप वाचूनच पाणी घ्या. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गोड लागावे म्हणून साखर वाढवली तर ती उलट आतड्यात पाणी ओढते. शीतपेये आणि डब्यातले फळांचे रस म्हणूनच वर्ज्य. ऑक्टोबर २०२५ पासून प्रमाणित सूत्राच्या नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली आहे, तरी दुकानातले खोके पाहून घ्यावे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा, आणखी हळू. कालवलेले पाणी २४ तासांनंतर फेकावे. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे. अंगावरचे दूध, पेज, वरण-भात चालूच ठेवावे.

डोळे खोल गेले, कातडीची चिमटी सोडल्यावर ती सावकाश खाली बसू लागली, सहा तास लघवी नाही, मूल सुस्त पडले किंवा पीत नाही, अशा वेळी १०८ बोलवा; इथे सलाईनच लागते.

अँटिबायोटिक लागतेच असे आजारही आहेत आणि तिथे उशीर घातक ठरतो. शौचात रक्त, तीव्र कॉलरा, टायफॉइड. टायफॉइडबाबत एक गोष्ट सांगायलाच हवी: एकाच विडाल चाचणीवर ‘टायफॉइड निघाला’ म्हणणे भरवशाचे नाही. ती चाचणी रक्तातली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजते. पहिल्या आठवड्यात ही प्रतिपिंडे तयार झालेली नसतात, आणि जुन्या आजाराची किंवा लसीची असली तर चाचणी उगाच सकारात्मक येते. औषध सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, पाठवणे हा खरा मार्ग. दुसरा आजार स्क्रब टायफस. पावसाळ्यात आणि त्यानंतर निंदण करताना, गवत कापताना माइट या गोचिडीसारख्या बारीक जीवाची अळी चावते आणि जिवाणू शरीरात येतो. कंबर, जांघ, काख इथे सिगारेटच्या चटक्यासारखा काळा खपलीचा डाग दिसतो, ताप पाच दिवस उलटले तरी उतरत नाही. हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो, त्यामुळे पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनच्या कितीही सुया टोचल्या तरी तो मरत नाही. लागते ते डॉक्सीसायक्लिन, आणि वेळेवर. तेव्हा तापाच्या रुग्णाने डॉक्टरांना शेतातल्या कामाविषयी आपणहून सांगावे आणि अंगावरचा डाग दाखवावा. पाकिटावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय मागू नये, औषध दुकानदारांनी देऊ नये.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की साथीच्या बातमीत पाच गोष्टी आवर्जून छापाव्यात: विहिरीचे माप, टाकलेल्या पावडरीचे वजन, तिच्यातल्या क्लोरीनची टक्केवारी, शेवटच्या नळाची ओटी टेस्ट आणि पाणी-नमुन्याचा निकाल. गावकऱ्यांना विनंती की १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत टीसीएल खरेदीची आणि ओटी टेस्टची नोंदवही मागून वाचावी, आणि पाणीस्रोतांच्या स्वच्छता-सर्वेक्षणानंतर गावाला मिळालेले कार्ड हिरवे, पिवळे की लाल (लाल म्हणजे धोका जास्त), तेही विचारावे. लाल असेल तर कोणत्या दोषामुळे ते लिहून घ्यावे: विहिरीचा कठडा, व्हॉल्व्हची गळती, पावडरीचा साठा की टाकीचे झाकण. यातली बहुतेक कामे ग्रामपंचायतीला आठवड्याभरात करता येतात.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
अचलपूर–चिखलदरा परिसर, जि. अमरावती